ट्रान्सफॉर्मरचं तेल दरवर्षी गाळायलाच हवं का?

मेंटेनन्सवाला
मंडळी, चाकण भागातला कारखाना. १००० केव्हीए, २२/०.४३३ केव्ही, डीवायएन११ (डेल्टा-स्टार) जोडणीचा, तेलाचा, कॉन्झर्वेटरवाला (टाकीवर तेलाचं वेगळं पिंप असलेला) ट्रान्सफॉर्मर. टॅप चेंजर (व्होल्टेज थोडं कमीजास्त करणारा स्विच) ऑफ सर्किट, म्हणजे सप्लाय बंद असतानाच फिरवायचा. वार्षिक शटडाऊन चार तासांचा, त्यापेक्षा मिनिटभर जास्त मिळणार नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये दरवर्षी तीन ओळी असतात: ऑइल फिल्ट्रेशन, सिलिका जेल (हवेतला ओलावा शोषणारे दाणे) बदलणे, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणे) व बीडीव्ही (तेल किती व्होल्टेजला दगा देतं ती चाचणी). गेल्या खेपेचा बीडीव्ही गाळण्याआधी ३८ केव्ही, गाळल्यावर ६०.
प्रश्न असा की दरवर्षी गाळण्याची खरंच गरज आहे का? आणि चार तासांत काय काय तपासून घ्यावं?

खडूस वायरमन
आधी ३८, नंतर ६०. हा रिपोर्ट महाराष्ट्रात छापूनच मिळतो. फक्त कंपनीचं नाव भरायचं.

अप्पा_एचटी
गाळायचं की नाही हे तेलानं सांगावं, कोटेशननं नाही. चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलासाठी आयएस १८६६ हे भारतीय मानक आहे. ७२.५ केव्हीच्या खालच्या ट्रान्सफॉर्मरला किमान ३० केव्ही बीडीव्ही लागतो, तोही दोन इलेक्ट्रोडमधल्या २.५ मिमी गॅपवर. ३८ म्हणजे तेल पास आहे. ते उतरत उतरत ३८ वर आलं असेल तर मात्र बघायला हवं. मागच्या चार-पाच वर्षांचे 'आधीचे' आकडे एका ओळीत लिहा, 'नंतरचे' सोडून द्या.

नंतरच्या ६० बद्दल सांगायचं तर बरेच पोर्टेबल किट ६० केव्हीपर्यंतच जातात. तिथे ठिणगी पडली नाही की ६० लिहितात. तो मोजलेला आकडा नव्हे, किटची मर्यादा आहे.

सौदामिनी
अप्पांशी सहमत. बीडीव्ही घेण्याची पद्धतही इथे लिहून ठेवते, कारण निम्मे आकडे सॅम्पल घेतानाच बिघडतात.

सॅम्पल खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यायचं. आधी व्हॉल्व्हचं तोंड पुसून एक-दोन लिटर तेल बादलीत सोडून द्यायचं, कारण व्हॉल्व्हच्या नळीत साचलेला गाळ आणि पाणी हे टाकीतल्या तेलाचं चित्र नाही. गडद रंगाची काचेची कोरडी बाटली त्याच तेलानं दोनदा विसळायची. पाऊस, धुकं असताना सॅम्पल नको. बाटली थंड असेल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं.

चाचणीच्या कपमधला गॅप गेजनं तपासायचा, नजरेनं नाही. तेल हळू ओतायचं, बुडबुडे जायला पाच मिनिटं द्यायची, मग सेकंदाला २ केव्हीच्या वेगानं व्होल्टेज चढवायचं. सहा वेळा ब्रेकडाऊन, प्रत्येकानंतर दोन मिनिटं थांबून, आणि सहाची सरासरी. रिपोर्टमध्ये सहाही आकडे मागा. २२, ५१, ३०, ५८ असे उड्या मारणारे आकडे असतील तर तेलात कण किंवा धागे आहेत, मग सरासरी कितीही चांगली येवो.

ओहमचा_ओम
+१. एकच आकडा लिहिलेला बीडीव्ही रिपोर्ट मी तरी रिपोर्ट समजत नाही.

आठवा_हार्मोनिक
थोडा विरोध नोंदवतो. गाळण्यात नुकसान काय? पैसे जातात, पण मनःशांती मिळते. ओलावा निघाला तर चांगलंच.

सौदामिनी
@आठवा_हार्मोनिक, ओलावा कुठला निघतो ते बघा. ट्रान्सफॉर्मरमधलं बहुतेक पाणी कागदात आणि प्रेसबोर्डात असतं, तेलात फार थोडं. तेल गरम झालं की कागदातलं पाणी तेलात येतं, गार झालं की परत कागदात जातं. काही तास तेल फिरवून तेलातलं पाणी काढलं की बीडीव्ही झकास दिसतो, आणि काही आठवड्यांनी कागद पुन्हा आपलं पाणी तेलात सोडतो. म्हणून गाळल्या दिवशीचा बीडीव्ही हा इन्सुलेशनच्या तब्येतीचा पुरावा नाही.

दुसरं म्हणजे साध्या गाळणीनं आम्लता जात नाही. तेल जुनं होऊन आम्ल तयार झालं असेल तर ते आम्ल कागद खातं, गाळ होतो आणि गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आयएस १८६६ प्रमाणे आम्लता ०.३ मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅमच्या वर गेली की तेल बदला किंवा फुलर्स अर्थमधून (आम्ल शोषणाऱ्या मातीतून) रिक्लेम करा. आंतरपृष्ठीय ताण (तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण) नव्या तेलाला ४० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, तो १५ वर आला की तेल संपलं. बीडीव्ही ६० आणि आम्लता ०.४ असं एकाच बाटलीत असू शकतं. ठेकेदार फक्त पहिला आकडा दाखवतो.

आणि नुकसान म्हणाल तर आहे. मागच्या गिऱ्हाइकाचं तेल होज पाइपमध्ये राहिलेलं असतं. तेल न फिरवता हीटर चालू ठेवला तर हीटरवरच तेल जळतं. व्हॅक्यूम नीट नसेल तर मशीन तेलात हवा भरतं.

अप्पा_एचटी
वेळेचं गणितही करा. या मापाच्या ट्रान्सफॉर्मरला साधारण हजार-बाराशे लिटर तेल, नेमका आकडा नेमप्लेटवर आहे. मशीन तासाला १००० लिटरचं धरू. ११०० लिटर तेल पाच वेळा फिरवायचं तर साडेपाच तास नुसतं पंपिंग. त्याआधी तेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापायला वेळ. नंतर हवा वर यायला रात्रभर स्थिर ठेवणं, मग बुकोल्झ (आत वायू साचला की इशारा देणारा रिले), रेडिएटर आणि बुशिंग (वाइंडिंगची टोकं बाहेर काढणारे पोर्सेलिनचे इन्सुलेटर) यांच्या प्लगमधून हवा सोडणं. चार तासांच्या शटडाऊनमध्ये यातलं काय झालं असेल?

खडूस वायरमन
तेलाला ऊन दाखवून आणलं असेल.

निवांत_न्यूट्रल
😂 गाळणीवाल्यांची बाजू मांडायला कुणी आहे का इथे?

आठवा_हार्मोनिक
मीच मांडतो. बीडीव्ही ३० च्या खाली, पाण्याचा पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) चढलेला, किंवा टाकी उघडून काम झालेलं, अशा वेळी हाय व्हॅक्यूम मशीननं गाळणं हाच उपाय आहे. आम्लता चांगली असेल तर तेल फेकून नवं भरण्यापेक्षा हे शहाणपणाचं. फक्त दोन दिवसांचा शटडाऊन काढा. दरवर्षी नको, हे मान्य.

मेंटेनन्सवाला
मग चार तासांत काय करू? क्रम सांगा ना.

अप्पा_एचटी
आधी सुरक्षेचं, कारण चार तासांच्या घाईत तेच सुटतं.

लोड कमी करा, एलटीचा (४३३ व्होल्ट बाजूचा) एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) बंद करून बाहेर काढा, मग एचटी (२२ केव्ही बाजूचा) ब्रेकर बंद, मग आयसोलेटर किंवा जीओडी (तिन्ही फेज एकदम उघडणारा स्विच) उघडून कुलूप. परमिट लेखी. व्होल्टेज डिटेक्टरनं तपासून डिस्चार्ज रॉड लावा, तिन्ही फेज अर्थ करा, एचटी आणि एलटी दोन्हीकडे. कॅपॅसिटर बँक बंद केल्यावर किमान पाच मिनिटं हात लावू नका.

आता मुख्य मुद्दा. डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि छतावरचं सोलर. एलटीकडून उलटा सप्लाय आला तर तोच ट्रान्सफॉर्मर २२ केव्ही तयार करतो. इन्व्हर्टर आपोआप बंद होतो या भरवशावर राहू नका. सोलरचा एसी ब्रेकर उघडून त्यालाही कुलूप.

ओहमचा_ओम
याच अनुषंगाने. रेशो (एचटी-एलटी व्होल्टेजचं गुणोत्तर) मोजणारा मीटर नसेल तर ठेकेदार थ्री फेज ४१५ व्होल्ट लावून रेशो काढतो. ते एचटी बाजूला लावायचे. एलटीवर लाइन-टू-लाइन सुमारे ८.१७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हेच ४१५ कुणी चुकून एलटीला लावले तर एचटी बुशिंगवर २१ हजार व्होल्ट उभे राहतात आणि शेजारी माणूस फडक्यानं बुशिंग पुसत असतो. मॅग्नेटिक बॅलन्सलाही (एका फेजला व्होल्टेज देऊन बाकी दोघींवर किती उमटतं ती चाचणी) हाच नियम. सप्लाय एचटीलाच.

मॅग्नेटिक बॅलन्स वाचायचा कसा: मधल्या लिंबला (गाभ्याच्या मधल्या खांबावरच्या वाइंडिंगला) २३० व्होल्ट दिले तर कडेच्या दोघांवर साधारण निम्मे-निम्मे. कडेच्या लिंबला दिले तर मधल्यावर जास्त, पलीकडच्यावर कमी. दोन्हींची बेरीज दिलेल्या व्होल्टेजच्या जवळ हवी. एखाद्या फेजवर जवळजवळ शून्य आणि करंट भलताच जास्त, तर त्या वाइंडिंगचे टर्न शॉर्ट असल्याचा संशय घ्या.

रेशो मीटर असेल तर तुमच्या डीवायएन११ ला नॉर्मल टॅपवर फेज रेशो २२०००/२५० म्हणजे ८८. अर्धा टक्का इकडेतिकडे चालतो, म्हणजे ८७.५६ ते ८८.४४. पुढचा अडीच टक्क्यांचा टॅप ९०.२. तिन्ही फेजना सारखाच चुकत असेल तर आधी टॅपची खूण आणि हँडल जुळतंय का बघा.

निवांत_न्यूट्रल
मेगरबद्दल. ५ केव्हीचा मेगर एचटी-अर्थ आणि एचटी-एलटीला, एलटी-अर्थला १ केव्ही. तेलाचं तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका. तापमान वाढलं की दर १० अंशांना आयआर (इन्सुलेशन रेझिस्टन्स) साधारण निम्मा होतो. ३० अंशांना ८०० मेगओहम असलेला ट्रान्सफॉर्मर ५० अंशांना २०० दाखवेल, त्यात बिघाड काही नाही. पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) म्हणजे दहा मिनिटांचा आयआर भागिले एक मिनिटाचा, तो १.५ च्या वर हवाच.

सौदामिनी
@निवांत_न्यूट्रल, पीआयचा 'हवाच' काढा. ती कसोटी मुळात मोटर-जनरेटरच्या घन इन्सुलेशनची. तेल हलतं, त्यातले आयन हलतात. कोरड्या, चांगल्या ट्रान्सफॉर्मरचा आयआर एका मिनिटातच काही हजार मेगओहमवर पोचलेला असतो, तिथून दहा मिनिटांत तो किती वाढणार? पीआय १.१५ आला म्हणून असा ट्रान्सफॉर्मर नापास करणं चूक. उलट आयआर ६० मेगओहम आणि पीआय १.० असेल तर काळजी करा. तेलाचा पीपीएम सोबत ठेवून बघा.

निवांत_न्यूट्रल
निरीक्षक साहेब पीआयचा कॉलम रिकामा दिसला की विचारतात, ताई.

सौदामिनी
कॉलम भरा, निर्णय त्यावर घेऊ नका.

कोकणी बुशिंग
आयआर कमी आला की आधी बुशिंग पुसा आणि मग बोला. किनारपट्टीवर मिठाचा थर बसतो, सकाळच्या दमट हवेत बुशिंगच्या पृष्ठभागावरूनच करंट जातो. मेगरला गार्ड टर्मिनल असतो. बुशिंगवर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन वेढे घेऊन ते गार्डला जोडा, पृष्ठभागाची गळती मोजणीतून बाहेर जाते. गार्ड लावून आकडा एकदम वाढला तर दोष बुशिंगच्या मळाचा, आतला नाही.

खडूस वायरमन
मेगरवाल्यांनो, एलटी-अर्थ मोजायला न्यूट्रलची अर्थिंग सोडावी लागते. ती परत जोडा. एक माणूस फक्त त्यासाठी नेमा. अर्थिंग सुटी राहिली तर अर्थ फॉल्टला रिले झोपून राहतो. आणि घाईत न्यूट्रलचा बसबारच सुटा राहिला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतं, ऑफिसमधले संगणक आणि ट्यूबलाइट एकदम जातात. सप्लाय चालू केल्यावर एसीबी लावण्याआधी तिन्ही फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजायचे. दोन मिनिटांचं काम.

मेगर झाल्यावर वाइंडिंग डिस्चार्ज करायलाही विसरू नका. दहा मिनिटं चार्ज केलंय तर किमान तेवढाच वेळ अर्थ ठेवा.

शेतातली_डीपी
आमच्याकडे ६३ आणि १०० केव्हीएच्या डीप्या. बुकोल्झ नाही, मेगर नाही, फ्यूजच्या जागी जाड तार. त्या डीप्यांचं मेंटेनन्स म्हणजे जळाली की बदला. तरी विचारतो, या लहान डीपीला गावातल्या वायरमननं काय केलं तरी फायदा होईल?

अप्पा_एचटी
पाच गोष्टी पुष्कळ झाल्या. योग्य मापाची फ्यूज तार. एलटीच्या लग्जचे (केबलच्या टोकांना बसवलेल्या जोडपट्ट्यांचे) नट घट्ट, कारण सैल जोड तापून बुशिंगचं गॅस्केट जाळतो आणि तिथून तेल गळतं. ॲल्युमिनिअमची केबल पितळी स्टडवर थेट नको, बायमेटल लग वापरा. न्यूट्रलची अर्थिंग उन्हाळ्यात सुकते, खड्ड्यात पाणी घाला. तेलाची पातळी खुणेपर्यंत. एवढ्यानंही आयुष्य वाढतं. कामाआधी फीडर बंद आणि परमिट, हे लहान डीपीलाही तितकंच लागू.

शेतातली_डीपी
तेल राहू तर द्यायला हवं. चोरणारे ते गुडघ्याला चोळायला विकतात.

सौदामिनी
ते चोळू नका, कुणाला चोळू देऊ नका. ते खनिज तेल आहे. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात काय काय तयार झालेलं असतं हे प्रयोगशाळेलाही शोधावं लागतं. गुडघ्याला त्याचा औषधी गुण शून्य.

आठवा_हार्मोनिक
अवांतर संपवून ब्रीदरकडे (ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत-बाहेर घेतो ती सिलिका जेलची डबी) येतो. जेल गुलाबी झालं की बदलायचं हे सगळ्यांना माहीत असतं. गुलाबी कुठून झालं ते बघा. हवा खालून आत येते, त्यामुळे खालचा थर आधी रंग बदलतो. वरचा थर आधी गुलाबी झाला तर वरच्या फ्लँजचं गॅस्केट हवा खातंय. खालच्या कपातलं तेल खुणेपर्यंत हवं. कप कोरडा असेल तर जेल आठवड्यांत संपतं, आणि खुणेच्या वर भरला तर श्वास अडखळतो. नवा ब्रीदर बसवताना त्याची सीलची टोपी काढा. ती तशीच राहते, ट्रान्सफॉर्मर श्वास घेऊ शकत नाही, आणि मग बुकोल्झ विनाकारण वाजतो म्हणून लोक रिले बदलतात. कोबाल्टच्या निळ्या जेलऐवजी आता नारिंगी मिळतं, ते हिरवं होतं. तेच घ्या.

कोकणी बुशिंग
आणि ऐन पावसाळ्यात जेल महिनोन्महिने निळंच राहत असेल तर आनंद मानू नका. हवा दुसऱ्या वाटेनं जात असणार. एक्स्प्लोजन व्हेंटचा (आतला दाब अचानक वाढला तर बाहेर सोडणाऱ्या नळीचा) डायफ्राम म्हणजे पडदा तडकलाय का, कॉन्झर्वेटरच्या झाकणाचं गॅस्केट, तेल भरायच्या प्लगचा वॉशर, हे बघा.

ओहमचा_ओम
हा मुद्दा भारी. 👌

मेंटेनन्सवाला
आमचं जेल दोन वर्षं निळं आहे. आत्ता खाली जाऊन बघतो.

अप्पा_एचटी
चालू ट्रान्सफॉर्मरवर चढू नका! खालूनच बघा. व्हेंट शटडाऊनमध्ये.

तोवर बुकोल्झचं लिहितो. १००० केव्हीएला तो असायलाच हवा. रिलेवरचा बाण कॉन्झर्वेटरकडे, नळीला चढ. टेस्ट कॉकमधून सायकलच्या पंपानं हवा भरा, वरचा फ्लोट खाली आला की अलार्म वाजला पाहिजे. खालच्याचा ट्रिप टेस्ट रॉडनं द्या आणि ब्रेकर प्रत्यक्ष पडतो का ते बघा, नुसता पॅनेलवरचा दिवा नको. ब्रेकर टेस्ट पोझिशनला घेऊन हे करता येतं. टर्मिनल बॉक्सच्या ग्लँडमधून पाणी शिरलं की पहिल्या पावसात विनाकारण ट्रिप, त्यामुळे ग्लँड आणि झाकणाचं रबर बघा. काम झाल्यावर रिलेच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे आहेत याची खात्री. बंद राहिले तर तेल गार होताना टाकीत तेल कमी पडतं आणि रात्री ट्रिप.

तेल आणि वाइंडिंगच्या तापमापकाच्या पॉकेटमध्ये तेल हवं. पॉकेट कोरडं असेल तर काटा कमी दाखवतो, आणि अलार्म ८५ ला लावून काही उपयोग होत नाही.

ओहमचा_ओम
टॅप स्विचही शटडाऊनमध्ये पहिल्यापासून शेवटच्या टॅपपर्यंत चार-पाच वेळा फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या काँटॅक्टवर थर धरतो, फिरवल्यानं तो घासला जातो. मग मूळ टॅपवर आणून वाइंडिंग रेझिस्टन्स. एलटीचा एक मिलीओहमच्याही खाली असतो, त्यामुळे मल्टिमीटर निरुपयोगी. चार तारांचा, १० अँपिअर किंवा जास्तीचा मीटर लागतो. आकडा स्थिर व्हायला वेळ द्या. तीन फेजमध्ये दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड किंवा टॅप काँटॅक्ट तपासा. जुन्या रिपोर्टशी तुलना ७५ अंशांवर आणून करा: तांब्याला (२३५+७५) भागिले (२३५+तापमान). ३५ अंशांना मोजलं असेल तर १.१४८ नं गुणा. ॲल्युमिनिअमला २३५ च्या जागी २२५.

मोजणी थांबवल्यावर मीटरनं 'डिस्चार्ज' दाखवेपर्यंत क्लिप काढायची नाही. वाइंडिंगमधली ऊर्जा क्लिप काढणाऱ्याच्या हातातून बाहेर पडते.

आठवा_हार्मोनिक
डीजीएचा (तेलात विरलेल्या वायूंच्या तपासणीचा) विषय कुणी काढला नाही अजून. १००० केव्हीएला डीजीए म्हणजे उधळपट्टी, असं माझं मत.

सौदामिनी
असहमत. एकच ट्रान्सफॉर्मर, पर्यायी सप्लाय नाही, तर वर्षाला एक डीजीए हा गाळणीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि उपयोगी. हायड्रोजन एकटाच वाढला तर पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधलं बारीक, अपुरं डिस्चार्ज). इथिलीन वाढला तर कुठेतरी धातू तापतोय, बहुधा सैल जोड किंवा टॅप काँटॅक्ट. ॲसिटिलीन दिसला तर ठिणगी, त्याला वाट बघायची नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड कागदाबद्दल सांगतात. आणि सॅम्पल चालू ट्रान्सफॉर्मरमधून घेता येतं, शटडाऊन लागत नाही. फक्त खालच्या व्हॉल्व्हपाशी तेलाचा दाब बाहेरच्या बाजूला आहे याची खात्री हवी. काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न ठेवता, उजेडापासून झाकून.

आणि तेल गाळलं की विरलेले वायूही निघून जातात. म्हणजे दरवर्षी गाळणारा माणूस दरवर्षी पुरावाच पुसून टाकतो.

आठवा_हार्मोनिक
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. मत मागे.

निवांत_न्यूट्रल
मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाल्यांसाठी भर: ओएलटीसीचं (लोड चालू असताना फिरणाऱ्या टॅप चेंजरचं) तेल आणि मुख्य टाकीचं तेल वेगळं असतं. डायव्हर्टरच्या (टॅप बदलताना करंट वळवणाऱ्या स्विचच्या) कप्प्याचं सील गळत असेल तर तिथला ॲसिटिलीन मुख्य टाकीत दिसतो आणि सगळे वाइंडिंगला दोष देतात. कॉन्झर्वेटर किंवा ब्रीदर सामायिक असेल तर तेही बघा.

मेंटेनन्सवाला
सगळ्यांचे आभार. खालूनच पाहिलं, व्हेंटच्या तोंडाशी तेलाचा ओघळ आहे. कोटेशनमधून फिल्ट्रेशन काढलं. त्याऐवजी आम्लता, पीपीएम, आंतरपृष्ठीय ताण, बीडीव्ही सहा आकड्यांसह, आणि डीजीए. सॅम्पल शटडाऊनच्या पंधरा दिवस आधी घेतो, म्हणजे रिपोर्ट हातात असेल. चार तासांत आयआर, रेशो, रेझिस्टन्स, बुकोल्झ, टॅप, बुशिंग. डायफ्राम आणि त्याची गॅस्केट आणून ठेवतो. गॅस्केट कशाची घेऊ?

कोकणी बुशिंग
नायट्रिल रबर किंवा निओप्रीन-कॉर्क, तेलात चालणारी. साधं रबर तेलात फुगतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, गॅस्केट जाडीच्या साधारण एक तृतीयांश दबेपर्यंत. बुशिंगच्या फ्लँजवर जोर लावलात तर पोर्सेलिन तडकतं. गळती कुठून आहे कळत नसेल तर जागा पुसून कोरडी करा आणि खडूची भुकटी मारा. काही तासांत डाग कुठून सुरू होतो ते दिसेल.

खडूस वायरमन
आणि न्यूट्रलवाला माणूस आत्ताच ठरवा. त्या दिवशी सगळे दुसऱ्यालाच सांगितलं होतं म्हणतात.